उंदीर बरे झाले, पुढे काय?



काही दिवसांपूर्वी बडोद्याहून एका श्रोत्यांचा फोन आला. त्यांच्या आईंचं वय ऐंशीच्या पुढे आहे. गेली तीन वर्षं त्या हळूहळू सगळं विसरत चालल्यात. आधी गॅस बंद करायला विसरायच्या, मग नातवंडांची नावं गेली, आता मुलालाच "तुम्ही कुणाकडचे?" असं विचारतात. या गृहस्थांना कुणीतरी एक बातमी पाठवली होती, "अल्झायमरवर उपाय सापडला, उंदरांची स्मरणशक्ती परत आली" अशी. त्यांनी मला विचारलं, "सर, हे औषध आपल्याकडे कधी येईल? आईला तोवर काढता येईल का?"

मी म्हटलं, "काका, अल्झायमर झालेले उंदीर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत कितीतरी वेळा बरे झालेत." उत्तर खरं होतं, पण फोन ठेवल्यावर मलाच ते बोचलं. अर्धं उत्तर होतं ते. उरलेलं अर्धं आज सांगतो. इतिहासाच्या मालिकेत उंदीर कशाला, असं काही जण म्हणतील. पण राजेरजवाड्यांपेक्षा या उंदरांचा इतिहास आपल्या घराच्या जास्त जवळ आला आहे. साठीच्या पुढच्या भारतीयांपैकी सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं.

सुरुवात नेहमीच्या ठिकाणाहून करू. २५ नोव्हेंबर १९०१, जर्मनीतलं फ्रँकफर्ट शहर. ऑगस्ट डेटर नावाच्या ५१ वर्षांच्या बाईंना मनोरुग्णालयात आणलं गेलं. डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी त्यांना नाव विचारलं, त्यांनी सांगितलं ऑगस्ट. आडनाव विचारलं, ऑगस्ट. नवऱ्याचं नाव विचारलं, तरी ऑगस्टच. एप्रिल १९०६ मध्ये त्या गेल्या. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी बाईंचा मेंदू मागवून घेतला, चांदीच्या क्षारांनी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत वर्णन केलं. पेशींच्या आत धाग्यांचे गुंते होते आणि पेशींच्या बाहेर, सगळीकडे विखुरलेले, कसल्यातरी पदार्थाचे डाग. या डागांना आज आपण प्लाक म्हणतो.

हे दोन शब्द, गुंते आणि प्लाक, सगळ्या पुस्तकांत असतात. पण १९०७ च्या त्या छोट्या लेखात तिसरी गोष्टही आहे आणि ती पुढची सत्तर-ऐंशी वर्षं जवळजवळ कुणी मनावर घेतली नाही. अल्झायमरांनी लिहिलं होतं की ग्लिया पेशींनी पुष्कळ तंतू तयार केलेत आणि त्यांतल्या अनेकींत चरबीचे थेंब साठलेत. ग्लिया म्हणजे ग्रीकमध्ये सरस, डिंक. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फिरखो या जर्मन शास्त्रज्ञांना वाटलं की चेतापेशींना एकत्र धरून ठेवणारा हा नुसता चिकटा आहे, म्हणून हे नाव. पुढे १९१९ मध्ये स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी या चिकट्यातली एक वेगळी, छोटी, फांद्याफांद्यांची जात ओळखली. इजा झाली की या पेशी रूप बदलतात, हलतात आणि मेलेलं खाऊन टाकतात, हे त्यांनी दाखवलं. याच मायक्रोग्लिया. मेंदूच्या वस्तीतले सफाई कामगार आणि पहारेकरी, दोन्ही एकच. आजच्या गोष्टीतलं मुख्य पात्र हेच आहे, फक्त त्याचा प्रवेश उशिरा होतो. जरा धीर धरा.

आता मधली बरीच वर्षं ओलांडून १९८४ मध्ये येऊ. कॅलिफोर्नियात जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी प्लाकमध्ये असणारं प्रथिन मेंदूच्या रक्तवाहिन्यांमधून वेगळं केलं. ॲमिलॉइड बीटा, चाळीस-बेचाळीस दुव्यांचा छोटा तुकडा. तो एका मोठ्या प्रथिनातून कापला जातो आणि त्या मोठ्या प्रथिनाचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असल्याचं १९८७ मध्ये कळलं. डाऊन सिंड्रोम असलेल्यांना हेच गुणसूत्र एक जास्तीचं असतं आणि त्यांच्या मेंदूत चाळिशीतच प्लाक दिसतात. धागा जुळला. ग्लेनर स्वतः १९९५ मध्ये गेले ते हृदयात साठलेल्या वेगळ्याच एका ॲमिलॉइडमुळे. नियतीची चेष्टा वगैरे म्हणायचा मोह होतो, पण पुढे जाऊ.

१९९१ मध्ये लंडनमधल्या संशोधकांना एक कुटुंब सापडलं. पिढ्यान्‌पिढ्या, पन्नाशी-साठीतच, या घरातल्या माणसांना अल्झायमर होत होता. त्या कुटुंबातल्या एका शिक्षिकेनेच संशोधकांना पत्र लिहून कळवलं होतं. या लोकांत त्या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं होतं. आता हे अक्षर उंदरात घातलं तर?

इथे एक गोष्ट सांगायला हवी. साध्या उंदराला अल्झायमर होत नाही. तो म्हातारा होतो, सुस्तावतो, पण त्याच्या मेंदूत प्लाक साठत नाहीत. त्याच्या ॲमिलॉइड बीटामध्ये आपल्यापेक्षा तीन दुवे वेगळे आहेत आणि त्याच्या गुठळ्या सहजी होत नाहीत. म्हणजे उंदराला आधी आपला आजार द्यायचा आणि मग तो बरा करायचा. हे वाक्य लक्षात ठेवा.

तर १९९१ च्या डिसेंबरात 'नेचर' या मातब्बर नियतकालिकात शोधनिबंध आला, असा उंदीर तयार झाला म्हणून. प्लाक आहेत, गुंते आहेत, पेशी मरतायत, सगळं अगदी माणसासारखं. खळबळ उडाली. पण इतरांनी चित्रं निरखून पाहिली, तेव्हा शंका आली की हे फारच माणसासारखं आहे. काही महिन्यांतच, १९९२ मध्ये, निबंध मागे घेतला गेला. त्याच सुमाराचे आणखी एक-दोन उंदीरही तपासणीत टिकले नाहीत. जगभर प्रयोगशाळांमध्ये लोक त्या उंदराची किती वाट पाहत होते, याची कल्पना यावी म्हणून हा किस्सा सांगितला.

खरा उंदीर आला फेब्रुवारी १९९५ मध्ये. कॅलिफोर्नियातल्या अथेना न्यूरोसायन्सेस या कंपनीच्या गटाने इंडियाना राज्यातल्या एका कुटुंबाचं बदललेलं जनुक उंदरात घातलं आणि ते जोरात चालेल अशी व्यवस्था केली. सहा ते नऊ महिन्यांच्या वयात या उंदरांच्या मेंदूत प्लाक दिसायला लागले. पुढच्याच वर्षी मिनेसोटाच्या कॅरेन श्याओ यांनी दुसरा वंश तयार केला, स्वीडनमधल्या एका कुटुंबाचा दोष घेऊन. त्या उंदरांचं विस्मरणसुद्धा मोजता आलं. ते कसं मोजतात, हे मला फार आवडतं. गोल हौदात गढूळ केलेलं पाणी, पाण्याखाली न दिसणारा एक लहानसा चौथरा. उंदीर पोहत पोहत तो शोधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवरच्या खुणा पाहून थेट तिकडे जातो. रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मोठ्या उंदरांसाठी ही युक्ती काढली होती. श्याओंचे उंदीर तीन महिन्यांचे असताना नीट शिकत आणि नऊ-दहा महिन्यांचे झाले की गोल गोल फिरत राहत. घरात ज्यांनी असं माणूस पाहिलंय, त्यांना हे चित्र पुन्हा वेगळं समजावून द्यायला नको.

१९९५ च्या त्या पहिल्या निबंधातच नोंद होती की प्लाकभोवती मायक्रोग्लिया आणि ॲस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्यासारख्या ग्लिया पेशी गोळा झालेल्या आहेत, फुगलेल्या आहेत. यालाच ग्लियाचा दाह म्हणतात. पण तेव्हा सगळ्यांचे डोळे प्लाककडे. आग लागली की लोक आगीकडे बघतात, बादल्या घेऊन धावणाऱ्यांकडे कोण बघतं? आणि बादलीत पाणी आहे की रॉकेल, हा प्रश्न तर कुणी विचारतच नाही.

जुलै १९९९. अथेना तोवर एलान या कंपनीत सामील झाली होती. तिथल्या डेल शेंक यांनी एक अगदी साधी, जवळजवळ भाबडी कल्पना लढवली. पूर्वी देवीची लस देत असत तशी ॲमिलॉइडचीच लस टोचायची. सहा आठवड्यांच्या पिल्लांना टोचली, तर पुढे प्लाक जवळजवळ झालेच नाहीत. अकरा महिन्यांच्या, आधीच प्लाक असलेल्या उंदरांना टोचली, तर त्यांच्यातही वाढ खूप मंदावली. आणि मायक्रोग्लियांच्या पोटात ॲमिलॉइड दिसलं. प्रतिपिंडांनी खूण केली आणि सफाई कामगारांनी कचरा उचलला, असं दिसत होतं. मंडळी, तो क्षण किती मोठा असेल बघा. नव्वद वर्षं ज्या डागांपुढे सगळे हतबल होते, ते एका सुईने पुसले जात होते.

माणसांवरच्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत सुमारे ३०० रुग्णांना लस मिळाली. त्यांतल्या १८ जणांना मेंदूचा आणि त्याच्या आवरणाचा दाह झाला. शंभरातले सहा. जानेवारी २००२ मध्ये लस देणं थांबवलं. उंदरांमध्ये हा दाह कुणी पाहिला नव्हता. एकाच वंशाचे, एकाच पिंजऱ्यात, एकसारखं खाऊन वाढलेले उंदीर आणि सत्तर वर्षं नाना रोगांशी झुंजलेली माणसं, यांची प्रतिकारशक्ती सारखी कशी असेल, हे आज आपल्याला सोपं वाटतं.

त्याहून जड गोष्ट पुढे कळली. लस घेतलेल्या काही रुग्णांच्या मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले गेले. २००८ मध्ये तो अहवाल आला. काहींच्या मेंदूतले प्लाक खरोखरच जवळपास नाहीसे झाले होते. तरीही ही माणसं मरण्याआधी रोगाच्या शेवटच्या, गंभीर टप्प्याला पोचलेली होती. डाग गेले, आजार राहिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज हा आहे आणि पुढे प्रत्येक नव्या औषधाच्या जाहिरातीबरोबर तो वाचायला हवा होता.

आता बादल्यांकडे वळू. कॅनडातल्या व्हँकूव्हरचं पॅट्रिक आणि एडिथ मॅकगीर हे दाम्पत्य ऐंशीच्या दशकापासून सांगत होतं की मेलेल्या रुग्णांच्या मेंदूत मायक्रोग्लिया खवळलेल्या दिसतात. त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली. संधिवाताच्या रुग्णांमध्ये अल्झायमर कमी आढळतो. हे लोक वर्षानुवर्षं सूज उतरवणाऱ्या गोळ्या खातात, म्हणून तर नसेल? २००० साली लॉस एंजेलिसच्या एका प्रयोगशाळेने श्याओंच्या उंदरांना सहा महिने आयबुप्रोफेन खाऊ घातलं. दाह कमी झाला, प्लाकही कमी झाले. त्याच प्रयोगशाळेने पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या उंदरांना काय दिलं? हळद. म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन. पुन्हा तेच, दाह कमी आणि प्लाक कमी.

मग आपल्याकडे काय झालं असेल ते तुम्ही ओळखलंच. शिवाय हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये अल्झायमरचं प्रमाण अमेरिकेच्या मानाने फारच कमी असल्याचं एका भारत-अमेरिका संयुक्त पाहणीत दिसलं होतं. दोन गोष्टी जोडल्या गेल्या आणि आजीच्या हळदीच्या दुधाचा विजय जाहीर झाला. बल्लभगडच्या लोकांच्या आयुर्मानाचा, त्यांच्या जनुकांचा, खेड्यात म्हाताऱ्यांच्या विसराळूपणाला आजार न मानण्याचा विचार करायला कुणाला सवड नव्हती.

माणसांवरच्या चाचण्या रटाळ असतात, त्यांची बातमी होत नाही. तरी सांगतो. सत्तरीच्या पुढच्या सुमारे अडीच हजार लोकांवर सूज उतरवणाऱ्या दोन औषधांची चाचणी सुरू झाली. हृदयविकाराच्या भीतीने डिसेंबर २००४ मध्ये ती थांबवावी लागली आणि त्या औषधांनी स्मृतिभ्रंश टळतो असं काही दिसलं नाही. कर्क्युमिनची २४ आठवड्यांची एक छोटी चाचणी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातही फायदा नाही. कर्क्युमिन पोटातून रक्तात जवळजवळ उतरतच नव्हतं. हळद आपल्या भाजीत असू द्या, तिच्यावर माझा राग नाही.

दाह विझवून काही होत नाही, मग दाह म्हणजे नेमकं काय चाललेलं असतं, हे बघायला हवं होतं. आणि इथे उंदीर खरोखर उपयोगी पडला. कारण जिवंत माणसाच्या मेंदूत असं डोकावता येत नाही. उंदराच्या कवटीला बारीक खिडकी पाडून, वर काच बसवून, खास सूक्ष्मदर्शकाने दिवसामागून दिवस तोच कोपरा पाहता येतो. २००५ मध्ये कळलं की निरोगी मेंदूतल्या मायक्रोग्लिया, ज्यांना पुस्तकं 'विश्रांत' म्हणत होती, त्या क्षणभरही स्वस्थ नसतात. फांद्या सतत फिरवत आजूबाजूला चाचपत असतात. २००८ मध्ये बोस्टनच्या गटाने प्लाक जन्मताना पाहिला. सगळ्यांना वाटायचं की तो वर्षानुवर्षं साचत असेल, लोणच्यावरच्या बुरशीसारखा हळूहळू. प्रत्यक्षात एका दिवसात नवा प्लाक उभा राहत होता. आणि एक-दोन दिवसांत मायक्रोग्लिया तिथे हजर. पहारेकरी प्लाकच्या आधी आलेले नव्हते, मागून आले होते. जवळच्या चेतातंतूंची वेडीवाकडी सूज त्यानंतरच्या दिवसांत.

मग ते येऊन करतात काय? २०१२ च्या नोव्हेंबरात याचं एक सूत्र माणसांकडून मिळालं. आइसलँडचा एक गट आणि दुसरा एक आंतरराष्ट्रीय गट, दोघांनी एकाच वेळी सांगितलं की ट्रेम-टू नावाच्या जनुकात एक दुर्मिळ बदल असेल, तर अल्झायमरचा धोका जवळपास तिप्पट होतो. मेंदूत हे जनुक चेतापेशींत नव्हे, मायक्रोग्लियांत चालतं. पहारेकरी बिघडला की रोग वाढतो, म्हणजे तो एरवी काहीतरी चांगलं करत असणार.

लगेच उंदरांतून ट्रेम-टू काढून टाकलं गेलं. २०१५ मध्ये दोन निकाल आले. सेंट लुईसच्या गटाला दिसलं की ट्रेम-टू नसेल तर मायक्रोग्लिया प्लाकभोवती जमत नाहीत आणि प्लाक वाढतात. क्लीव्हलँडच्या गटाला दिसलं की ट्रेम-टू नसेल तर प्लाक कमी होतात. आता आली का पंचाईत! दोघेही प्रामाणिक, दोघांची कामं नीट. दोन वर्षांनी उलगडा झाला. क्लीव्हलँडचे उंदीर तरुण होते. त्याच वंशाच्या उंदरांना म्हातारं होऊ दिलं, तर त्यांच्यातही प्लाक वाढलेले दिसले. तेच जनुक सुरुवातीला एक वागतं, नंतर दुसरं.

याहून धक्का देणारं काम कॅलिफोर्नियात अर्व्हाइन इथे झालं. तिथे खाण्यातून एक औषध देऊन उंदरांच्या मेंदूतल्या जवळजवळ सगळ्या मायक्रोग्लियाच नाहीशा केल्या. उंदीर होता पाच दोष एकत्र घातलेला, ज्याला दोन महिन्यांतच प्लाक होतात. प्लाक आधीच झालेल्या म्हाताऱ्या उंदरांत मायक्रोग्लिया काढल्या, तर प्लाक तसेच राहिले, पण चेतापेशी वाचल्या. हे २०१६ मध्ये. २०१९ मध्ये त्यांनी अगदी लहानपणापासून मायक्रोग्लिया काढून ठेवल्या. मेंदूच्या गाभ्यात प्लाक झालेच नाहीत. जिथे चुकार मायक्रोग्लिया उरल्या होत्या, तिथे मात्र झाले. आणि उरलेलं ॲमिलॉइड कुठे गेलं? रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जाऊन बसलं. म्हणजे ज्यांना आपण कचरा उचलणारे म्हणत होतो, ते कचऱ्याचे ढीग रचतही होते. विखुरलेला विषारी कचरा एका जागी दाबून ठेवणं हीसुद्धा सफाईच आहे म्हणा. नगरपालिकेला विचारा.

मी संशोधक नाही, इतिहासाचा विद्यार्थी आहे. पण मला या सगळ्यात दिसतं ते असं. 'दाह चांगला की वाईट' हा प्रश्नच कच्चा होता. कधी, कुठे, कुठल्या वयात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नव्हतं. २०१७ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेने त्याच पाच दोषांच्या उंदरात एकेका मायक्रोग्लियाची जनुकं वाचली, तेव्हा दिसलं की प्लाकजवळच्या मायक्रोग्लिया एका वेगळ्याच अवस्थेत जातात. तीही दोन पायऱ्यांनी, आणि दुसरी पायरी ट्रेम-टूशिवाय चढता येत नाही. आणि बघा, औषधं शोधणाऱ्यांनी यातूनही झटपट सरळ रेषा काढली की ट्रेम-टूला जोर देणारं औषध द्यायचं. असं एक प्रतिपिंड माणसांत दुसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की त्याने रोग मंदावला नाही.

या क्षेत्रात लबाडी झाली नाही असंही नाही. २००६ मध्ये श्याओंच्याच उंदरांवर बेतलेला, 'विस्मरणाला कारण असलेला विशिष्ट गठ्ठा सापडला' असं सांगणारा एक गाजलेला निबंध चित्रांमधल्या फेरफारामुळे जून २०२४ मध्ये मागे घेतला गेला. मात्र सगळं ॲमिलॉइडचं शास्त्र त्यावर उभं होतं, असं जे म्हटलं गेलं ते खरं नाही. ग्लेनर, लंडनचं कुटुंब, डाऊन सिंड्रोम, हे सगळं त्याच्या आधीचं.

बडोद्याच्या काकांना मी गेल्या आठवड्यात पुन्हा फोन केला. त्यांना सांगितलं की शेंक यांच्या लशीची नातवंडं आज खरोखर आहेत. लस न देता तयार प्रतिपिंडंच शिरेतून द्यायची. लेकॅनेमॅब हे त्यांतलं एक, अमेरिकेत २०२३ मध्ये त्याला पूर्ण मान्यता मिळाली. दीड वर्षाच्या चाचणीत त्याने घसरण सुमारे २७ टक्के मंदावली. मंदावली, थांबवली नाही. १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणापेक्षाही कमी होता. शंभरातल्या बाराएक जणांच्या मेंदूत सूज दिसली, म्हणून वारंवार एमआरआय काढावा लागतो. आणि ते फक्त अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी आहे. उंदरांमध्येसुद्धा लवकर टोचलेल्यांनाच सर्वांत जास्त फायदा झाला होता. १९९९ च्या निबंधात ते स्पष्ट दिसतं.

"म्हणजे आमच्या आईला नाही," ते म्हणाले.

"नाही, काका."

थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो गढूळ पाण्यातला उंदीर... त्याला शेवटी कुणी बाहेर काढतं का?"

मी सांगितलं, काढतात. ठरलेला वेळ संपला आणि चौथरा सापडला नाही, तर हाताने उचलून त्याला चौथऱ्यावर ठेवतात, जरा वेळ तिथे बसू देतात आणि मग अंग कोरडं करून पिंजऱ्यात सोडतात.